तिबेटी कुटुंबाला वर्षभरासाठी घर द्यावं का? वाड्यावर विरोध आहे

हडफडेकरीण
नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज सल्ला हवाय म्हणून लिहितेय.

आमचं घर गोव्यात, हडफड्याला. मागच्या अंगणात दोन खोल्या आहेत, न्हाणी वेगळी. ऑक्टोबर ते मे तिथं एक तिबेटी जोडपं राहतं, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. बागा बीचच्या रस्त्यावर त्यांचा स्टॉल आहे, चांदीचे दागिने, फिरोज्याच्या माळा, शाली. पावसाची चिन्हं दिसली की ते बैलकुप्प्याला, म्हैसूरकडच्या त्यांच्या वसाहतीत जातात. उरलेला माल दोन पत्र्याच्या ट्रंकांत भरून आमच्या माळ्यावर ठेवतात आणि किल्ल्या सासूबाईंच्या हातात देतात. आजवर ना त्यांनी मालाची यादी केली, ना सासूबाईंनी ट्रंक उघडली. लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, ताटभर खापसे येतात. शेजारच्या वहिनी तर त्या बाईच्या भरवशावर भिशी चालवतात. पैसे तिच्याकडेच जमा असतात.

त्यांची मुलगी बैलकुप्प्याला आजीजवळ होती. आजी गेली. आता मुलीला इथंच पहिलीत घालायचंय, म्हणून त्यांनी विचारलं, बारा महिने राहू का, तीन वर्षांचा करार करू. आम्ही हो म्हणणारच होतो. तेवढ्यात वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, बातमी फुटली. दोघं-तिघं येऊन सांगून गेले, त्यात आमचे पंचसुद्धा. म्हणे, सीझनपुरते ठीक, कायमचे कशाला? सगळ्यात आधी कोण बोललं असेल? भिशीवाल्या वहिनी!

कायद्याचं काय ते सांगाच. पण मला खरा प्रश्न असा पडलाय की ज्या माणसाकडे पैसे ठेवायला आपण तयार असतो, ते शेजारी कायमचे राहायला आले की नकोसे का होतात?

निवांत
करार करा, डिपॉझिट घ्या, विषय संपला. बाकी सगळं डिपॉझिटमध्ये मावतं.

पेडण्याचो भाट
तुमच्या भाडेकरूंबद्दल माझं काही म्हणणं नाही. चांगलेच असतील. पण वाड्यावरच्यांना खलनायक करू नका. आमच्याकडे हरमल-मोरजीला येऊन बघा. रशियन आधी सीझनपुरते आले, मग एका पावसाळ्यापुरते राहिले, मग भाडी इतकी चढली की गावच्या पोरांना लग्न झाल्यावर वेगळी खोली परवडेना. लोक तिबेट्यांना घाबरत नाहीत हो. घाबरतात ते "कायमचे" ह्या गोष्टीला.

माटोळी
पण भाऊ, हरमलला भाडी चढवली कोणी? रशियनांनी स्वतःची स्वतः चढवली की घरमालकांनी? घरमालक कुठले?

पेडण्याचो भाट
माटोळीबाय, घरमालकांत माझा काकाही आहे. म्हणूनच सांगतोय.

दिवाणी दावा
वकील आहे. पण सल्ला फुकट आहे, तेव्हा त्याच किमतीचा समजा.

वाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या मनात बहुधा मुंडकार कायदा असणार. १९७५ चा, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला हुसकावू नये म्हणून केलेला. आपल्याकडे "राहायला दिलं आणि घर गेलं" ही भीती तिथून येते. पण भाडं देऊन राहणारा माणूस त्या कायद्याने मुंडकार ठरत नाही. भाडं बँकेतून घ्या, पावती द्या. तीन वर्षांचा करार करायचा तर नोंदणी लागेल. बहुतेक जण अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करून दरवर्षी नवा करतात.

दुसरं, ते कागदोपत्री परदेशी आहेत का हे आधी विचारून घ्या. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय नागरिक, तिबेटी असला तरी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे मान्य केलं. त्यानंतर जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक लागतो. म्हणजे जोडपं तिशीतलं असेल, तर जन्म कर्नाटकातला, कन्नड फर्डं, आणि हातात परदेशी माणसाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. तसं असेल तर त्यांच्या राहण्याची माहिती पोलिसांत देणं तुमचं काम. ते सर्टिफिकेट कर्नाटकातल्या पत्त्याचं असणार, मुक्काम हलवताना तिथेही कळवावं लागतं. ते काम त्यांचं.

जहाजी
जन्म कर्नाटकात, तरी परदेशी. आणि आमच्या वाड्यावर जन्म सालसेतचा, पासपोर्ट पोर्तुगालचा, राहणं इंग्लंडात, मतं मात्र गोव्याच्या राजकारणावर. कायदा म्हणजे मज्जाच आहे मरे.

निवांत
@जहाजी, सीएएत तिबेटी येत नाहीत का?

दिवाणी दावा
नाही. त्यात तीनच देश, अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश. अवांतर म्हणून सांगतो, गोव्यात त्या कायद्याखाली पहिलं नागरिकत्व २०२४ च्या ऑगस्टमध्ये मिळालं, ते एका ख्रिश्चन गोंयकारालाच. पाकिस्तानचा नागरिक होऊन परत आलेला माणूस. स्वतःच्या गोव्यात इतकी वर्षं राहून पाकिस्तानी.

तिंट्यावरचो
म्हापशात कापडाचं दुकान आहे, आजोबांपासून. विश्वासाचं म्हणाल तर धंद्यातलं एक सांगतो.

देशभर थंडीत फुटपाथवर तिबेटी लोक स्वेटर विकतात ना, तो माल बहुतांशी लुधियान्याचा. तिथले कारखानदार त्यांना लाखोंचा माल उधारीवर देतात. आधी थोडे पैसे, बाकी सीझन संपल्यावर. मधे तिबेटी विक्रेत्यांची संघटना उभी असते. एखाद्याने बुडवलं तर पुढच्या वर्षी त्याच्या सगळ्या भाईबंदांना माल मिळायची पंचाईत. त्यामुळे वसुली आतल्या आत होते, लालाला कोर्टात जावं लागत नाही. लाला त्या माणसाचा चेहरा बघत नाही, त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो. मीसुद्धा उधारी देताना तेच करतो. कुठल्या वाड्यावरचा, कोणाचा कोण, इतकं कळलं की वही उघडायची.

आता तुमच्या भाडेकरूंचं बघा. सीझनमध्ये ते एकटे नसतात. बागाला त्यांची माणसं आहेत, मागे बैलकुप्पे आहे. वहिनींच्या भिशीची हमी तीच. पावसाळ्यात बाजार उठला, बाकीचे परतले की हे तिघंच उरणार. तेव्हा त्यांच्या मागे कोण? तुम्ही. वाड्याला हे बरोबर कळलंय, म्हणून वाडा त्यांच्याशी न भांडता तुमच्याशी भांडतोय.

माटोळी
तिंट्यावरचे, हे पटलं.

हडफडेकरीण
हो, हे खरंच असं मनात आलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मागीर? हांव आसां मगो." म्हणजे, मग काय, मी आहे ना. बस्स. चहा टाकायला गेल्या.

दिवाणी दावा, दोघंही १९८७ नंतरची आहेत. सर्टिफिकेट आहे.

रंकाळा
गोव्याशी संबंध नाही, तरी राहवत नाही.

कोल्हापूरजवळ वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत मुलखातून सुटून इराणमार्गे आलेली. आमच्या पणजोबांची भाजीची गाडी छावणीत जायची. आजोबा लहान होते, गाडीवर बसून जायचे. सांगायचे, गोऱ्या बायका वांग्याचा भाव मराठीत पाडायच्या. आजही कोल्हापुरात त्या छावणीचं कौतुक ऐकायला मिळतं.

पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीतले सिंधी आले. आज त्याला गांधीनगर म्हणतात, कापडाची मोठी होलसेल बाजारपेठ. बराकी त्याच, गाव तेच. पण सिंध्यांच्या वाट्याला तसं कौतुक आलं नाही. पोलिश लोक जाणार हे ठरलेलं होतं, त्यांनी कोणाच्या दुकानासमोर दुकान टाकलं नाही. सिंध्यांनी टाकलं, आणि नफा कमी ठेवून टाकलं. शिव्या देतात, पण लग्नाचा बस्ता बांधायला सगळे गांधीनगरलाच. माझ्या बहिणीचा पण.

मला वाटतं हडफड्याच्या वहिनींचं तेच झालंय. तिबेटी बाई वळिवड्यातून गांधीनगरात निघालीय.

जहाजी
"वळिवड्यातून गांधीनगरात" हे मी चोरणार.

पलतडची
आपण गोंयकारांनी ह्यावर जरा जपूनच बोलावं. आपले देवच निर्वासित आहेत. पोर्तुगीजांच्या भीतीने मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. रात्रीच्या अंधारात होड्यांतून आणले असतील. अंत्रुजच्या, म्हणजे फोंड्याकडच्या, लोकांनी जागा दिली नसती, तर? आणि तेव्हा तिथं राज्य आदिलशहाचं.

आणखी गंमत पुढे आहे. दोनशे वर्षांनी, तोवर तो मुलूख ज्याच्याकडे गेला होता तो सौंद्याचा राजा हैदरअलीपुढे टिकला नाही. तो आश्रयाला आला पोर्तुगीजांच्या, आणि बांदोड्याला राहिला. ज्यांच्या भीतीने देव त्या मुलखात आले, त्यांच्याच आश्रयाला त्या मुलखाचा राजा!

अंत्रुजकार
पलतडच्या ताई, गोष्ट अर्धी सांगितलीत. देव आले, त्यांच्यामागून महाजन, म्हणजे देवस्थानाचा कारभार बघणारे, आले. जागा दिली ती इथल्या लोकांनी. आज देवस्थानांचे महाजन कोण? जुन्या गावांची घराणी, वंशपरंपरेने. आणि ज्यांच्या गावात देऊळ उभं राहिलं त्यांतले कितीतरी जण पिढ्यान्‌पिढ्या सेवेकरी. पालखी खांद्यावर घ्यायची, ठराव मात्र दुसऱ्यांनी करायचा. साडेचारशे वर्षांत पाहुणा कोण आणि यजमान कोण ह्याची पार अदलाबदल झाली. पेडणेकारांची भीती हवेतून आलेली नाही, एवढंच.

पलतडची
म्हणजे हडफड्याचं तिबेटी जोडपं उद्या देवस्थान कमिटीवर येणार?

अंत्रुजकार
चेष्टा करा. मी तत्त्वाचं बोलतोय. घर देऊ नका असं मी म्हटलेलं नाही. जो जागा देतो त्याचा शब्द पुढेही चालला पाहिजे, इतकंच.

संपादक
महाजनकीचा वाद इथं नको. ह्या विषयावर जुना धागा आहे, कुलूपबंद. का ते सर्वांना ठाऊक आहे.

स्विंडनचो पाव
उशिरा आलो. रात्रपाळी होती, गोदामात.

इथं इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये आम्ही गोंयकार इतके आहोत की बसस्टॉपवर कोंकणी ऐकू येते. आम्ही निर्वासित नव्हे, पोटासाठी आलेलो. पण खोली शोधायला गेलं की अनुभव सारखाच. माझा पगार बघून एजंट खूश, नाव वाचून म्हणाला गॅरंटर आणा. तिंट्यावरचे म्हणतात तेच, मागे कोण? शेवटी सोबत काम करणाऱ्या एका पोलिश माणसाने त्याच्या ओळखीत खोली मिळवून दिली. (रंकाळा, वांग्याचे पैसे फिटले म्हणायचे.)

माझे एक काका युगांडात, कंपालात होते. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली तेव्हा निघाले. त्या वेळी लेस्टर नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, लेस्टरला येऊ नका, घरं नाहीत, शाळांत जागा नाहीत. काका म्हणायचे, जाहिरात वाचेपर्यंत आम्हाला लेस्टर नावाचं गाव आहे हेच माहीत नव्हतं. बरेच जण तिथंच गेले. आज तेच शहर दिवाळीच्या रोषणाईसाठी ओळखलं जातं.

हडफडेकरीणबाय, तुमच्या पंचांना म्हणावं जाहिरात देऊ नका.

जहाजी
काका कॅनडाला का नाही गेले?

स्विंडनचो पाव
काकीला थंडी सोसत नव्हती. इंग्लंडात येऊन कळलं की इथंही असते.

मीठभाकर
युगांडाचा विषय निघालाच आहे म्हणून. मी मदतकार्यात होते, काही काळ बांगलादेशात कॉक्स बाजारला आणि नंतर युगांडात. ज्या देशाने काकांना घालवलं तो आज आफ्रिकेत सर्वांत जास्त निर्वासित सांभाळतो. तिथं छावणीत कोंडत नाहीत. कसायला जमिनीचा तुकडा देतात, कामधंद्याची मुभा आहे. आणि मदतीतले साधारण ३० टक्के आसपासच्या मूळ गावांच्या शाळा, दवाखाने, बोअरवेलवर जावेत असं धोरण आहे. कागदावरचं सगळं जागेवर होत नाही. पण जिथं बोअरवेल दोघांची आहे तिथं बायका एका रांगेत उभ्या राहतात, भांडतात, आणि भांडता भांडता ओळखी होतात.

कॉक्स बाजारला उलटं पाहिलं. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर रोहिंग्या आले. उखिया-टेकनाफच्या लोकांनी आधी स्वतःच्या अंगणात घेतलं, भात रांधून घातला. धर्म एक, बोलीही जवळची. वर्ष-दोन वर्षांत सूर बदलला. मजुरी उतरली, सरपणासाठी डोंगर बोडके झाले, भाजी महागली. आणि ज्याच्याकडे स्वतःलाच पुरत नव्हतं तो बघत होता की ट्रक त्याच्या दारावरून पलीकडे जातायत. लोक वाईट झाले नव्हते. हिशेब त्यांच्या अंगावर पडला होता.

म्हणून विचारते, हडफड्यात भांडण नेमकं कशाचं आहे? "कायमचे" हे सगळे म्हणतात. त्याच्याखाली काहीतरी मोजता येण्यासारखं असतं. पाणी, गटार, पार्किंग. विचारून बघा.

पेडण्याचो भाट
ह्याला म्हणतात कामाचा प्रतिसाद. तुमच्या बार्देशात पाणीच असणार, पैज लावतो. तिळारीच्या कालव्याला भगदाड पडलं की अस्नोड्याचा पाणीप्रकल्प अडतो आणि तुमचे नळ कोरडे.

निवांत
पैज कशाची? काजूफेणी असेल तर मी पंच.

हडफडेकरीण
चार दिवसांनी येतेय, माफ करा. मीठभाकर, तुमचा प्रश्न घेऊनच वाड्यावर फिरले. पेडणेकार पैज जिंकले, निम्मी.

आमच्या ओळीतल्या घरांना एकाच लाइनवरून पाणी येतं आणि आम्ही शेवटून दुसरे. आमच्या मागे वहिनी. एप्रिल-मेमध्ये आम्ही पंप लावला की त्यांच्याकडे थेंब येत नाही. हे इतकी वर्षं चालू होतं आणि कोणी तोंडावर बोललं नव्हतं. वहिनींच्या डोक्यात असं की आता बाराही महिने दोन चुली. पंचांचं म्हणणं सेप्टिक टँकचं. तो खरंच जुना आहे, पावसात भरतो. ह्यात तिबेटचा काडीचा संबंध नाही. त्यांच्या जागी माझी सख्खी बहीण राहायला आली असती तरी हेच बोलले असते, फक्त तोंडावर नाही.

उरलेली निम्मी पैज मात्र कोणीच जिंकत नाही. एक आजोबा स्पष्ट म्हणाले, पाणी द्या नाहीतर समुद्र द्या, मला नको. का, तर नको. त्यांच्या घराशेजारचं घर दिल्लीवाल्यांनी घेतलंय, रात्रभर संगीत असतं. त्यांच्यावर काही चालत नाही, ह्यांच्यावर चालेल असं त्यांना वाटतं. मी काय बोलणार.

माटोळी
हे आजोबा प्रत्येक वाड्यावर असतात. आमच्याकडे ते माझे सासरे आहेत.

हडफडेकरीण
तर आमचं असं ठरलंय. अकरा महिन्यांचा करार. टाकी वेगळी बसवतोय, पंप फक्त पहाटे लावायचा आणि वहिनींची टाकी भरल्यावर. सेप्टिक टँकचा खर्च आमचा, थोडा भाड्यातून वळता होईल. ते स्वतःहून म्हणाले अर्धा देतो, सासूबाईंनी घेतला नाही.

शाळेचं आम्हीच विचारायला जाणार होतो, तेवढ्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या बाई स्वतः घरी आल्या! त्यांच्याकडे पट इतका उतरलाय की शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन होईल ही टांगती तलवार. एक मुलगी म्हणजे त्यांना केवढा आधार. आई-वडिलांना इंग्रजी माध्यम हवं होतं. बाई तासभर बसल्या, खापसे खाल्ले, आणि प्रवेशाचा फॉर्म भरून घेऊनच उठल्या.

भिशी चालू आहे. वहिनी त्या बाईशी बोलतात, माझ्याशी अजून नाही.

अंत्रुजकार
मराठी माध्यम? तिबेटी मुलीला? आणि पुढे पाचवीत इंग्रजी आल्यावर काय करणार ती?

पलतडची
तुमची दोन्ही मुलं कुठल्या माध्यमात आहेत, अंत्रुजकार?

अंत्रुजकार
तो वेगळा विषय आहे.

तिंट्यावरचो
कोंकणी का नको, असा प्रतिसाद यायला किती वेळ लागतो बघू.

जहाजी
कोंकणी का नको?

संपादक
माध्यमवादाचेही जुने धागे आहेत. एकूण एक कुलूपबंद. कृपया.

मीठभाकर
पंप पहाटे आणि वहिनींची टाकी आधी, हे करारातही लिहा. सासूबाई आहेत तोवर तोंडी चालेल. नंतर कोणीतरी विसरतं आणि मग पुन्हा तिबेट मधे येतं.

दिवाणी दावा
सहमत. पोलिसांत दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. शाळेत आधारसाठी अडवलं तर अडून बसू नका. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश हा शिक्षणहक्क कायद्याने आहेच, कागद नंतर देता येतात. आणि भाडं रोखीत घेऊ नका, हे दुसऱ्यांदा सांगतोय.

हडफडेकरीण
सांगते सासूबाईंना. त्यांना बँक म्हणजे कपाटातला डबा वाटतो.

पुणेरी नोमॅड
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण हडफड्याला दोन खोल्या रिकाम्या आहेत असं दिसलं. आम्ही दोघं, घरून काम, दोन कुत्रे, वर्षभरासाठी. भाडं तुम्ही म्हणाल ते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

पेडण्याचो भाट
आलो, आलो. काठी कुठंय माझी?